चढावर बोलायचं नाही

शुभदा, तुझी शोकसभा होऊन पंधरा दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. तू म्हणशील, पुण्याच्या बाईला रागवायला कारण कुठे लागतं. या वेळी कारणं आहेत, आणि त्यातली बरीचशी तुझीच आहेत.

सभा आपल्या मराठी मंडळाच्या नेहमीच्या हॉलमध्ये होती. दर गणपतीला ज्या हॉलच्या मागच्या किचनमध्ये तू घामाघूम होऊन तळत उभी असायचीस, त्याच. समोर हार घातलेला तुझा मोठा फोटो, मोरपंखी साडी आणि हातात झारा. शोकसभेत झारा. मी आदल्या दिवशी मिलिंदला म्हटलं होतं, सायकलवरचा एखादा फोटो लाव ना. तुझा नवरा बिचारा खरंच शोधत बसला आणि मग म्हणाला, "नंदिनी, हेल्मेटमध्ये तिचा चेहराच नीट दिसत नाही गं." त्याच्यावर काय रागवणार.

मग एकेक जण उठून बोलला. सगळे सांबारवडीवर, तुझ्या त्या कोथिंबीर भरून तळलेल्या वडीवर, बोलले. तुझ्या हातची सांबारवडी खाल्ली की नागपूर आठवायचं, असं ज्यांनी उभ्या जन्मात नागपूर बघितलेलं नाही तेही डोळे पुसत म्हणत होते. अन्नपूर्णा हा शब्द इतक्या वेळा आला की मी शेवटी बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. परत आले तेव्हा आपला सेक्रेटरी हेमंत माईकवर होता. म्हणाला, "शुभदावहिनींच्या तोंडून 'नाही' हा शब्द आम्ही कधीच ऐकला नाही." लोकांनी माना डोलावल्या. दोघातिघांनी तर टाळ्या वाजवल्या.

मी ऐकलाय तो शब्द. दर उन्हाळ्यात दोन आठवडे दिवसभर ऐकलाय. फ्रान्सच्या मध्यभागी, कोरेझ नावाच्या भागातल्या डोंगराळ जंगलात, सायकलच्या सीटवर बसलेली शुभदा कशाकशाला नाही म्हणायची ते त्या हॉलमधल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. चहा करतेस का? नाही. त्या मोठ्या रस्त्याने जाऊ या का, लवकर पोचू? नाही. घरी फोन लावायचा का? नाही, उद्या. मला बोलायला दोन मिनिटं दिली होती. मी उठले, म्हणाले की शुभदा चढावर नेहमी माझ्या पुढे असायची, आणि खाली बसले. लोकांना वाटलं मला रडू आलं. काकू मंडळी पाठीवरून हात फिरवायला आली. मला कोणालातरी चावावंसं वाटत होतं.

आठवतं, हे सुरू कसं झालं? गाड्यांच्या ब्रेकचा आवाज कमी करणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्या कामासाठी मला तिकडच्या एका कारखान्यात पाठवलं होतं. शनिवार-रविवार मोकळा मिळाला म्हणून सायकल भाड्याने घेतली आणि जंगलात शिरले. परत आल्यावर तुझ्या किचनमध्ये उभी राहून तुला सांगत होते, की शुभदा, तासभर चालवली आणि एक गाडी आली नाही. रस्ता एवढा अरुंद की मधोमध गवत उगवलंय. दोन्ही बाजूंनी चेस्टनटची झाडं, खाली नेचे, आणि इतकी शांतता की आपलीच चेन ऐकू येते. तू कढईखालचा गॅस बंद केलास आणि म्हणालीस, "पुढल्या वर्षी मी येऊन राहिली." मी विचारलं नव्हतं. मी नुसती सांगत होते.

आपल्या या नोव्हायसारख्या सपाट गावात राहून डोंगर चढायची तयारी कशी करायची, हाही तुझाच शोध. इथे चढ म्हणजे फ्रीवेवरून जाणारा पूल. रविवारी सकाळी आपण दोघी त्या पुलावरून वर-खाली, वर-खाली करत बसायचो. एकदा पोलिसाने गाडी थांबवून काळजीने विचारलं, काही हरवलंय का. तू धापा टाकत त्याला म्हणालीस, "नो नो, वुई आर प्रॅक्टिसिंग फॉर फ्रान्स." तो बराच वेळ आपल्याकडे बघत राहिला. नंतर दिसला की हात करायचा.

रस्ते तू शोधायचीस. कागदी नकाशावर मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि गावाला गाव जोडणारे बारीक पांढरे. तुझा कायदा होता, फक्त पांढऱ्यावरून जायचं. पिवळा आडवा आला तर ओलांडायचा आणि पलीकडच्या पांढऱ्यावर जायचं, मग चार डोंगर जास्त पडले तरी चालतील. मी इंजिनिअर, मला सरळ रेषा दिसते. मी म्हणायचे, अगं, पिवळ्यावरूनही दिवसात जेमतेम वीस गाड्या जात असतील. तू म्हणायचीस, "त्या वीसजणांना माझी कटकट कशाला?" आणि वळायचीस. गाडी आलीच तर ती पोस्टाची पिवळी व्हॅन, आणि तो माणूस वळण संपेपर्यंत निवांत मागे थांबायचा. हॉर्न नाही, काही नाही. इकडे मात्र आपण कडेकडेने चाललो तरी काच खाली करून शिव्या देतात, आणि त्यांनाच आपण घाईत असलेले सभ्य लोक म्हणतो.

चढाचे नियमही तुझेच. चढावर बोलायचं नाही. आधी पोचेल तिने वर थांबायचं, पण खालचीला "आलंच, थोडंच राहिलं" असं म्हणायचं नाही, कारण ते खोटं असतं आणि खोटं बोलून कोणाला वर चढवू नये. आणि एक गोष्ट तू कधी नियम म्हणून सांगितली नाहीस, नुसती करायचीस. वर पोचलीस की माझ्याकडे पाठ करून उभी राहायचीस. जंगल बघतेय असं दाखवायचीस. मी लाल तोंडाने, फासफूस करत वर येईपर्यंत वळायची नाहीस. मला कोणी धापा टाकताना बघावं हे मला आवडत नाही, हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. त्या दगडी क्रूसापाशी, तांबूस गाईंच्या कुंपणापाशी, सोमवारी बंद असलेल्या प्रत्येक बेकरीपाशी मला तुझी पाठ दिसायची. गेल्या पंधरा दिवसांत मला सगळ्यात जास्त आठवली ती तुझी पाठ, आणि तो फोटो लावायला कोणाकडे नाही.

आता भांडणाकडे येते. ते आपलं संपलेलं नाही, आणि तू असं मधेच उठून गेलीस ते मला मुळीच पटलेलं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी आपल्याकडचं पाणी संपलं होतं. गावात दुकान नाही, माणूस नाही, कुत्रंसुद्धा झोपलेलं. एक म्हातारे गृहस्थ दिसले, त्यांनी हाताने दाखवलं, कब्रस्तानात नळ आहे. सगळे सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात म्हणे. आपण दोघी फाटकाशी उभ्या राहिलो आणि एकमेकींकडे बघितलं. मसणातलं पाणी प्यायचं? मी म्हटलं, पुढच्या गावापर्यंत कळ काढू. पुढच्या गावातही नळ तिथेच निघाला. मग प्यायलोच. तू बाटली भरून वर केलीस आणि सगळ्यात जवळच्या दगडावरचं नाव मोठ्याने वाचून त्या बाईला थँक्यू म्हणालीस. तेव्हापासून ती आपली रीत झाली. पाणी भरायचं, एक नाव वाचायचं, आभार मानायचे. परत आल्यावर आंघोळ करावी का, यावर हसून हसून माझ्या पोटात दुखलं होतं.

अशाच एका नळापाशी मी म्हटलं, पुढच्या वर्षी ईराला आणू या. तुझी पोरगी विशीत आली होती, चांगली तगडी होती, तिला मजा आली असती. तू बाटली भरत होतीस. भरून झाली, झाकण लावलंस आणि म्हणालीस, "नाही."

"का गं?"

"तिला बोअर होईल."

"विचारलंस?"

"नंदिनी, काऊन मागे लागून राहिली?" असं म्हणून तू सायकलवर बसलीस आणि पुढचा अख्खा डोंगर एकटीने चढलीस. वर पोचले तर पाठ करून उभी. पण त्या दिवशी ती पाठ वेगळी होती. मग न वळताच म्हणालीस, "इथं मला कोणाची आई नाही व्हायचं. दोन आठवडे. तेवढंच."

मला समजलं होतं, शुभदा. मी एकटी बाई, मला कोणाची आई व्हायचंच नव्हतं, तरी समजलं. वर्षभर तू सगळ्यांच्या डोहाळजेवणाला, बारशाला, ग्रॅज्युएशनला कढई चढवायचीस. दोन आठवडे तुझे होते आणि त्यांवर तुझा हक्क होता. मी तुला एवढंच म्हणत होते की हे तिला सांग. तू म्हणायचीस, "असं कोणी सांगतं का पोरीला? तिला वाटेल मला ती नको झाली." मी म्हणायचे, न सांगून तिला दुसरं काय वाटत असेल? दर वर्षी एका तरी चढावर, तुझाच नियम मोडून, आपण यावर भांडलो. दर वर्षी तू म्हणालीस, सांगेन. तू सांगितलं नाहीस.

आणि मग ते हॉस्पिटल. हिवाळ्यात कळलं, आणि झाडांना पालवी यायच्या आत सगळं आटोपलं. त्याबद्दल मी देवाशी वेगळं भांडते आहे, त्यात तुला ओढत नाही. पण त्या दुपारचं काय? हेमंत डब्यात शिरा घेऊन आला. बसला, तुझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही बऱ्या झालात की आपण मंडळाची फ्रान्स टूर काढू. तुमचेच रस्ते. बस करू, इलेक्ट्रिक सायकली घेऊ, तीसेक जण तर सहज होतील." मी खिडकीशी उभी होते. मला वाटलं, आता तू 'नाही' म्हणशील. निदान आता, इथे, या बिछान्यावर तरी म्हणशील. आणि तू म्हणालीस, "हो, जा की सगळे. नंदिनी दाखवेल रस्ते." माझ्याकडे बघितलंस आणि डोळे मिटून घेतलेस.

डोळे मिटून घेतलेस. जी एकच जागा तू कोणाला वाढून दिली नव्हतीस ती तू शिऱ्याच्या डब्याच्या बदल्यात देऊन टाकलीस, आणि तीही तुझ्या एकटीची नव्हती, माझीही होती. मला त्या क्षणी तुझा इतका संताप आला की मी खाली कॅफेटेरियात जाऊन बसले. आजारी माणसावर चिडायचं नसतं म्हणे. मी चिडले, आणि तू गेलीस तरी मी ते परत घेणार नाही.

सभा झाली आणि दोन दिवसांत मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप तयार. शुभदा स्मृती सायकल यात्रा. भगवे टी-शर्ट, त्यावर तुझा तोच झाऱ्याचा फोटो. बसमधून पुरीभाजीची सोय. सायकलला लावायचे स्पीकर कोणीतरी आत्ताच ऑर्डर केलेसुद्धा. हेमंतचा मेसेज आला, "नंदिनी, राउटची फाईल शेअर कर ना प्लीज." त्या शनिवारी मीटिंगला गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "नाही देणार."

हेमंत दुखावला. तो वाईट माणूस नाही, खरंच तुझ्यासाठी रडला तो. म्हणाला, "अगं, पण वहिनींची शेवटची इच्छा होती ती. तुझ्यासमोर बोलल्या."

मी म्हटलं, "ती इच्छा नव्हती, हेमंत. सवय होती."

मला वाटलं, आता मंडळातून माझं नाव कटणार. मग मीच म्हटलं, नदीकाठाने एक सपाट रस्ता आहे, खास सायकलींसाठी बांधलेला, पाट्या आहेत, कॅफे आहेत, बाथरूम आहेत, तीस काय तीनशे लोक जा. शुभदा, सगळ्यांचे चेहरे खुलले. हेमंत म्हणाला, "अगं मग हे आधी का नाही सांगितलंस? आमच्या गुडघ्यांना डोंगर झेपले असते का यार?" म्हणजे तुझे डोंगर कोणाला नकोच होते. तुझ्या एका 'नाही'ने हेमंत आनंदाने नदीकाठी गेला असता. इतकं सोपं होतं ते. मी घरी येताना गाडीत मोठमोठ्याने बोलत होते, तुझ्याशी.

पण खरी गोष्ट पुढे आहे. गुरुवारी ईरा आली. तुझी सायकल माझ्या गॅरेजमध्येच असते, ती न्यायला आली. शाळेत पोरांना बँड शिकवून थेट आली होती, कानात अजून ट्रॉम्बोन वाजतायत म्हणाली. सायकल भिंतीवरून काढली. मागच्या पिशवीत तो नकाशा होता, घड्यांवर फाटलेला. तिने उघडला, पांढऱ्या रस्त्यांवरून तू मारलेल्या पेन्सिलच्या रेघा बघत बसली. मग मान वर न करता म्हणाली, "नंदिनीमावशी, कॅन आय आस्क यू समथिंग? शी नेव्हर आस्क्ड मी टू कम. नॉट वन्स. व्हाय?"

हे तू मला दिलंस. वर्षानुवर्षं मी तुला म्हणत आले, सांग तिला सांग तिला, आणि शेवटी तू ते माझ्या गॅरेजमध्ये ठेवून गेलीस. मला सहज म्हणता आलं असतं, की अगं, तिला वाटायचं तुला बोअर होईल. पोरगी सायकल घेऊन गेली असती आणि जन्मभर समजत राहिली असती की ती आईला नको होती. तुझ्या नियमाची मला आठवण झाली. खोटं बोलून कोणाला वर चढवू नये.

मी सांगितलं, "तिला तिथे कोणाची आई व्हायचं नव्हतं, ईरा. वर्षातले दोन आठवडे. तुझ्यावर रुसून नाही. ती दमायची." आणि मग रागाच्या भरात हेही सांगितलं, "मी तिच्याशी भांडले यावरून, दर वर्षी, कारण हे तिने स्वतः तुला सांगायला हवं होतं."

ती बराच वेळ नकाशाची घडी घालत बसली. ती घडी कोणालाच पहिल्यांदा जमत नाही. मला वाटलं, गेली ही, आता परत माझं तोंड बघणार नाही. डोळे पुसले तिने, आणि तुझ्यासारखं नाक ओढून म्हणाली, "ओके. दॅट्स फेअर, ॲक्च्युअली." मग थोड्या वेळाने, "समजा मी तिथे कोणाची मुलगी नसले तर? आय'ल जस्ट राइड. देन कॅन आय कम?"

शुभदा, तू गेलीस त्या दिवशी मी रडले नव्हते. सभेत नव्हते. गुरुवारी गॅरेजमध्ये, तेलाच्या डब्यावर बसून मी हुंदके देऊन रडले. इतकं साधं उत्तर त्या पोरीकडे तयार होतं, आणि ती वर्षानुवर्षं तुझ्या प्रश्नाची वाट बघत होती. तुम्हा दोघींना शेजारी शेजारी सायकली चालवता आल्या असत्या, आई नाही की मुलगी नाही, नुसत्या दोन बायका. तू ते घालवलंस, तुझंही आणि तिचंही. यासाठी मी तुला माफ केलेलं नाही.

तरी तुझी आभारीही आहे, तेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील पुणेकर नुसती चिडते. आवाज कमी करायची नोकरी करते मी, पण शांत कसं राहायचं ते मला तुझ्यामागून चढताना कळलं. या उन्हाळ्यात आम्ही जाणार आहोत. त्या पहिल्या नळापाशी ईरा बाटली भरेल, आणि या वेळी नाव दगडावर शोधावं लागणार नाही.

काल सकाळी दोघी पुलावर गेलो, प्रॅक्टिसला. खालून ट्रकांचा गदारोळ. ईरा तुझ्या सायकलवर, सीट इंचभर वर केलेली. चढायला लागल्यावर तिने बोलणं सुरू केलं, गिअर कधी बदलू, तिकडे पाऊस असतो का, आणखी काहीबाही. मी म्हटलं, "चढावर बोलायचं नाही."

"हूज रूल?"

तोंडाशी "तुझ्या आईचा" असं आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "शुभदाचा."

ती गप्प झाली आणि पॅडल मारायला लागली. तुझ्यासारखीच, खांदे न हलवता. बघता बघता माझ्या पुढे निघून गेली. मी खाली धापा टाकतेय, तोंड लाल, गुडघा कुरकुरतोय. हा नियम सांगितला होता तिला, पण दुसरा सांगितला नव्हता, आणि तिसरा तर मी कधी कोणाला सांगितलेलाच नाही. वर पोचून ती थांबली. "आलंच" म्हणाली नाही. एक पाय कठड्यावर टेकला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, जणू त्या भिकार फ्रीवेवर बघण्यासारखं काही होतं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहीपर्यंत वळली नाही.

तू हे बघायला हवं होतंस, शुभदा. एकदा विचारलं असतंस तर बघितलं असतंस.